केटीतलं व्हेनेझुएलन जेवण: येण्याआधी वाचून ठेवा

केटी, टेक्सास

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, अमेरिकेत बाहेर जेवायला गेलं की आपल्या वाट्याला बटाट्याचे तळलेले काप आणि पाला येतो, ही तुझी तक्रार खरी आहे. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक छोटं व्हेनेझुएलन-अमेरिकन हॉटेल आहे. घरचीच माणसं चालवतात. काय मागायचं आणि काय विचारायचं एवढं माहीत असलं की तुम्हा दोघांचं तिथे पोटभर जेवण होईल. दुपारी आम्ही ऑफिसात असताना तुम्ही दोघंच जाल, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

व्हेनेझुएलाची माणसं ह्यूस्टनजवळ एवढी कशी, असं बाबा विचारतीलच. कारण तेल. २००२-०३ मध्ये तिथल्या सरकारी तेल कंपनीत मोठा संप झाला आणि नंतर सुमारे १८,००० कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. त्यातले बरेच इंजिनिअर तेलाचं काम जिथे होतं तिथे, म्हणजे इकडे आले. पुढे देशाची परिस्थिती बिघडली तशी आणखी कुटुंबं आली. आता लोक केटीला ‘केटीझुएला’ म्हणतात. गिऱ्हाईक निम्मं त्यांचं, निम्मं टेक्सासचं, त्यामुळे मेनूवर अरेपाही असते आणि बर्गरही.

आई, तुझ्यासाठी मुख्य पदार्थ ‘अरेपा दोमिनो’. अरेपा म्हणजे मक्याची जाड, तळहाताएवढी भाकरी. ती तव्यावर भाजतात, सुरीने एक कड चिरून खिसा करतात आणि आत सारण भरतात. दोमिनोमध्ये शिजवलेला काळा घेवडा आणि किसलेलं पांढरं खारं चीज असतं. घेवड्याला ते ‘काराओतास’ म्हणतात. कांदा, लसूण, जिरं आणि तिखट नसलेली एक सुवासिक मिरची घालून तो मऊ शिजवतात. तुला आवडेल, पण आधी एक विचारायचंच: "काराओतासमध्ये तोसिनेता किंवा मान्तेका आहे का?" तोसिनेता म्हणजे बेकन आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घेवड्यात यातलं काहीतरी घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि शिजून एकजीव झाल्यावर ते डोळ्यांना दिसतही नाही.

नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे मांस खरं, पण बोलताना त्यांच्या मनात बहुतेक वेळा गोमांसच असतं. चिकन किंवा हॅम घातलेला पदार्थ ते तुला अगदी प्रामाणिकपणे ‘सिन कार्ने’ म्हणून आणून देतील. म्हणून पूर्ण म्हण: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन," म्हणजे मांस, चिकन, हॅम यातलं काही नको. अंडं नको असेल तर "सिन उएवो". एका चिठ्ठीवर हे इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहून तुझ्या पर्समध्ये ठेवीन. काउंटरवर ती दाखवलीस तरी पुरे.

दुसरी गोष्ट तव्याची. या हॉटेलात एकच मोठा सपाट तवा असतो. त्याच्या एका बाजूला बर्गरची टिक्की भाजत असते आणि दुसऱ्या बाजूला अरेपा, मधून चरबी-तेल वाहत असतं. वेगळ्या पॅनमध्ये भाजून द्या म्हटलं की देतात, पण ते ऑर्डर देतानाच सांगायचं आणि गर्दीच्या वेळी जायचं नाही. साडेअकराच्या सुमारास गेलात तर उत्तम. तळणाचंही तेच आहे. केळ्याचे काप आणि मांसाचे एम्पानादा, म्हणजे करंजीसारखा प्रकार, एकाच कढईत तळले जातात, आणि छोट्या हॉटेलात दुसरी कढई नसते. त्यामुळे तुझ्या उपासाच्या दिवशी, आणि तुझं मन घेत नसेल तर एरवीही, तळलेलं काही मागवू नकोस.

‘काचापा’ मात्र जरूर खा. कोवळ्या मक्याचे दाणे भरड वाटून केलेलं ते जाड, गोडसर धिरडं असतं. दुमडून आत ‘केसो दे मानो’ नावाचं ताजं, पदर सुटणारं चीज घालतात. काही जण पिठात अंडं घालतात, म्हणून विचारून घे. ‘तेकेन्यो’ म्हणजे चीजच्या कांडीला मैद्याची पट्टी गुंडाळून तळलेला प्रकार. त्याच्या कणकेत बहुधा अंडं असतंच. केसिय्यो आणि त्रेस लेचेस या गोडांतही अंडं असतं.

बाबा, आता तुमचं. तुम्ही चिकन खाता, तेव्हा ‘रेइना पेपियादा’ मागवा. उकडून तंतू काढलेलं चिकन, पिकलेला अव्होकाडो, मेयोनेझ, लिंबू आणि कोथिंबीर असं हे थंड, मऊ सारण असतं. १९५५ साली मिस वर्ल्ड झालेल्या सुसाना दुइम यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव पडलं. सारण हिरवट असावं. तपकिरी दिसलं तर ते सकाळचं आहे आणि अव्होकाडो काळवंडलाय असं समजा आणि दुसरं काही घ्या. अरेपाचं कवच कडक असतं आणि तुमच्या कवळीला ते त्रास देईल. म्हणून ‘कमी कुरकुरीत’ सांगा, किंवा खिसा उघडून आतला मऊ भाग आणि सारण चमच्याने खा. तिथली बरीच माणसं आतला थोडा गर काढूनच टाकतात, त्यामुळे कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही. ‘पाताकोन’ मात्र नको. ते कच्चं केळं चेपून दोनदा तळलेलं असतं आणि फार टणक लागतं.

साखरेचं म्हणाल तर घरी करतो त्या अरेपात साधारण ४० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं असतात. हॉटेलातली जवळपास दुप्पट असते. तेव्हा तुम्हाला अर्धी अरेपा आणि शेजारी काराओतासची वाटी, एवढं जेवण पुरेसं आहे. पिकल्या केळ्याचे काप, म्हणजे ‘ताहादास’, गोड असतात. दोन खाऊन थांबा. ‘पापेलोन कोन लिमोन’ हे गुळाचं लिंबू सरबत आहे. गूळ आहे म्हणून चालेल असं मनात येईल, पण रक्तातल्या साखरेला गूळ काय आणि साखर काय, सारखंच. ‘चिचा’ तर तांदूळ, दूध आणि कंडेन्स्ड मिल्कची असते. तुमच्यासाठी ‘ग्वायोयो’ बरी, म्हणजे पातळ काळी कॉफी, साखर न घालता. आणि जेवणाआधीची गोळी ताट समोर आल्यावरच घ्यायची. अरेपा मागितल्यावर भाजतात आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

मेनूच्या अमेरिकन बाजूला टेक्सासचं ब्रिस्केट भरलेली अरेपा असते. ब्रिस्केट म्हणजे गोमांस, आणि ‘कार्ने मेचादा’ व ‘पाबेय्योन’ यांतही तेच असतं. ‘पेर्निल’ म्हणजे डुकराची मांडी. ही नावं ओळखून ठेवली की चूक होणार नाही. माझ्या मते या मिश्रणात सगळ्यात बिघडतं ते चीज. पांढऱ्याऐवजी पिवळं चेडर घातलं की ते वितळून तेल सोडतं, खिसा ओला होतो आणि अरेपा खालून फाटते. "केसो ब्लांको" असं स्पष्ट मागा. बर्गरवर बारीक बटाट्याच्या काड्या घालायची त्यांची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. टेबलावरची हिरवी चटणी म्हणजे ग्वासाकाका, त्यात अव्होकाडो, कोथिंबीर, लसूण आणि व्हिनेगर असतं. तिखट नसते. सढळ हाताने घ्या.

पैशांचं थोडक्यात: मेनूवरच्या किमतीवर ८.२५ टक्के कर लागतो. टेबलावर वाढलं तर १८ ते २० टक्के टिप द्यायची. काउंटरवरून स्वतः ताट आणलं तर तुमच्या मर्जीवर.

आई, तू कृती विचारली होतीस. पीठ ‘हारिना पान’ हेच लागतं, त्याच्या पाकिटावर आधी शिजवलेलं असल्याचं लिहिलेलं असतं. १९६० पासून ते बाजारात आहे. आपल्याकडचं मक्याचं पीठ कच्चं असतं, म्हणून भाकरीला गरम पाणी लागतं, आणि अरेपा त्याची होतच नाही, फुटते. आपलं कॉर्नफ्लोअर म्हणजे नुसता स्टार्च, तेही नाही. मेक्सिकन ‘मासा हारिना’ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याची चव पूर्ण वेगळी.

अडीच कप कोमट पाण्यात एक चमचा मीठ विरघळव आणि त्यात दोन कप पीठ हळूहळू सोडत हाताने फिरव. पिठात पाणी ओतलं की गुठळ्या होतात. पाच मिनिटं झाकून ठेव, पीठ पाणी पिऊन घट्ट होतं, मग दोन मिनिटं मळ. आठ गोळे कर आणि दोन तळहातांत चेपून दीड सेंटिमीटर जाडीचे कर. कड चिरली तर पीठ कोरडं आहे, हात ओला करून पुन्हा मळ. हाताला चिकटत असेल तर आणखी थोडं थांब, लगेच पीठ घालू नकोस. लोखंडी तव्यावर तेलाचं बोट फिरवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं भाज. कवच धरलं की ती तव्यावरून आपोआप सुटते, त्याआधी उचलायला गेलीस तर फाटेल. मग आच मंद करून, झाकण ठेवून, उलटत-पालटत दहा मिनिटं. बोटाने वाजवली की पोकळ आवाज यायला हवा. आतून गिचका राहिली तर आच मोठी होती. सारण भरून ठेवू नकोस, ओली होते. उरलेली रिकामी अरेपा तव्यावरच गरम कर, मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होते.

परत जाताना पिठाची दोन पाकिटं मूळ सीलसकट चेक-इन बॅगेत देईन. घरी गेल्यावर फोडलेलं पाकीट डब्यात ओतून फ्रीजमध्ये ठेव, पावसाळ्यात त्याला लवकर किडा लागतो.

तुमची,
लेक