उन्हाळी, दोन गोळ्या आणि राहून गेलेली तपासणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे महिन्यांत तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर 'उन्हाळी लागलीय, दोन गोळ्या द्या' हे हमखास कानी पडते. लघवी करताना आग होणे, थेंब थेंब होणे, जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर दुकानदारही सवयीने लघवीची आग शमवणारे एक पातळ औषध आणि पट्टीतून कापलेल्या दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या पुडीत घालून देतो. ना चिठ्ठी, ना तपासणी. सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाल्यामुळे या पुडीनंतर काय होते ते जवळून पाहिले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी घट्ट होते आणि जळजळते, हे खरेच आहे. तेवढाच त्रास असेल तर भरपूर पाणी, ताक, धने-जिऱ्याचे पाणी यांनी तो एक-दोन दिवसांत ओसरतो आणि त्याला गोळीची गरजच नसते. मात्र पाणी पिऊनही आग थांबत नसेल, लघवी गढूळ किंवा लालसर होत असेल, तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, आणि त्यातही आतड्यातला ई. कोलाय हा जंतूच अधिक सापडतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असल्याने त्यांना हा त्रास वारंवार होतो. त्यात शेतात, बाजारात, एसटीच्या लांबच्या प्रवासात स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याला औषधाच्या दुकानात उतारा नाही, एवढेच म्हणून पुढे जातो.

पुडीतले पातळ औषध लघवीची आम्लता कमी करते, त्यामुळे आग कमी होते आणि दुखणे गेल्यासारखे वाटते. जंतू त्याने मरत नाहीत. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. आठवड्याभरात त्रास उलटला की रुग्ण डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर लघवीचे कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) सांगतात, पण पोटात आधीच गोळ्या गेलेल्या असल्याने पुष्कळदा प्लेटवर काहीच वाढत नाही. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे ज्या तपासणीतून कळायचे तीच अशी वाया जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की, लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधे आपल्याकडच्या ई. कोलायवर फारशी चालेनाशी झाली आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या औषधविषयक नियमांतल्या एच-वन परिशिष्टानुसार सेफिक्झिमसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नियम चांगला आहे. पण मोकळ्या गोळ्या पुडीतून जातात तेव्हा त्यांची नोंद कोणत्या वहीत होत असेल, हा प्रश्न अन्न व औषध प्रशासनानेच विचारायला हवा.

निरोगी तरुण स्त्रीला पहिल्यांदाच असा त्रास झाला, तर डॉक्टर कल्चरची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि ते योग्यही असते. परंतु हा निर्णय तपासून घ्यायचा असतो, कारण तक्रार एकच असली तरी दुखणी अनेक असतात. साठीच्या पुढच्या पुरुषाला लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल, धार बारीक झाली असेल, तर त्याची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते. अशा माणसाने सर्दीची साधी गोळी घेतली तरी लघवी पूर्ण तुंबून रात्री नळी घालण्याची वेळ येऊ शकते. कमरेकडून जांघेत उतरणारी कळ मूतखड्याची असू शकते. लघवीत पू-पेशी भरपूर आणि कल्चरमध्ये मात्र काहीच नाही, असे पुन्हा पुन्हा दिसले तर आपल्या देशात क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. गरोदर स्त्री आणि मधुमेही यांनी तर एक दिवसही अंगावर काढू नये. आणि थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे व उलट्या सुरू झाल्या तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजून कोणीही तडक रुग्णालय गाठावे.

आता नमुन्याविषयी. खोकल्याच्या औषधाची विसळलेली बाटली घेऊन येणारे रुग्ण मी असंख्य पाहिले. तिच्या तळाशी राहिलेला पाक आणि बुचाला चिकटलेले जंतू सगळा अहवाल बिघडवतात. कल्चरसाठी निर्जंतुक डबीच लागते, आणि जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार त्यात घ्यावी लागते. हा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर थंड ठेवला पाहिजे, कारण उबेत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दुपारच्या गाडीने जिल्ह्याला गेलेल्या नमुन्यातल्या जंतूंचा आकडा म्हणूनच भरवशाचा नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात शीतपेटी असते, पण ती लसींची. तिच्यात लघवीची डबी ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. बोरिक ॲसिड घातलेल्या डब्या मात्र मिळतात आणि त्यांत नमुना बाहेरच्या तापमानातही साधारण एक दिवस टिकतो. आरोग्य विभागाने अशा डब्या निदान ग्रामीण रुग्णालयांना आणि मोठ्या आरोग्य केंद्रांना पुरवाव्यात, आणि थुंकीचे नमुने क्षयरोगाच्या तपासणीसाठी जसे पाठवले जातात, तसे लघवीचे नमुने जिल्हा प्रयोगशाळेत पाठवण्याचे वार ठरवून ते दारावर लिहावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. सातारा