हेडसेटमध्ये एकच माणूस नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मेडिकल कॉलेजात व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांपुढे थ्रीडी आभासी जग दाखवणारं यंत्र, लावून ॲनाटॉमी (शरीररचना) शिकवण्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातंय म्हणून लिहितोय. मी सातारा जिल्ह्यात सर्जन आहे आणि माझा या गोष्टीला अजिबात विरोध नाही. आम्ही फर्स्ट इयरला एका बॉडीभोवती वीसेक जण असायचो, फॉर्मलिनने डोळे चुरचुरायचे, पुढच्याच्या खांद्यावरून जे दिसेल ते बघायचं. टेरिगोपॅलॅटाइन फोसा म्हणजे कवटीतली ती एवढीशी पोकळी, मला तोंडपाठ होती पण समजली कधीच नाही. परवा पुतणीच्या कॉलेजात हेडसेट डोक्याला लावला आणि मी त्या पोकळीत उभाच! मागच्या भिंतीतल्या भोकातून वरच्या जबड्याकडे जाणारी मॅक्सिलरी नर्व्ह आत येतेय, बाजूने नाकाकडे जायची वाट, सगळं लख्ख. इतक्या वर्षांनी कळलं, खरंच भरून आलं.

पण त्यात माणूस एकच होता, अगदी पुस्तकातला. अमेरिकेत १९९४ साली एका पुरुषाच्या देहाचे १ मिलिमीटरचे १८७१ काप करून काढलेले फोटो प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी एका बाईच्या देहाचे, आणि कित्येक डिजिटल मॉडेल्स त्यांच्यावरूनच बनली. काम मोठंच आहे, पण माणसं एकसारखी नसतात हो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवून बघा, मधोमध दोरीसारखा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वर येतो, तो पाल्मारिस लाँगस, माझ्या डाव्या हाताला तो नाहीच. त्याने काही अडत नाही, पण पित्ताशयाला रक्त पुरवणारी सिस्टिक आर्टरी भलतीकडून आलेली असली आणि ऑपरेशनच्या वेळी ते ध्यानात नाही आलं तर क्षणात सगळं लाल होतं, पुढचं काही दिसत नाही. डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मृतदेह उघडून शिकायचो तिथे, शेजारच्या टेबलावर असं वेगळं काही निघालं की सगळी पोरं तिकडे धावायची, ते आजही आठवतं. देहदान करणाऱ्या माणसांचे हे उपकार आहेत, त्यामुळे हेडसेट आले म्हणून डिसेक्शनचे तास कमी करू नका ही हात जोडून विनंती.

आणि दुसरं, कॉलेजच्या हॉस्पिटलात रोज कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून औषध देऊन केलेले सीटी स्कॅन, होतात. पेशंटची परवानगी घेऊन, नाव काढून त्यातल्या वेगवेगळ्या माणसांची थ्रीडी मॉडेल्स हेडसेटमध्ये टाका ना. पोरांना ओळीने वीस लिव्हर बघू देत, वीसही वेगळी. रेडिऑलॉजीवाले आणि ॲनाटॉमीवाले एकदा एकत्र बसले तरी सुरुवात होईल.

आपला,
एक सर्जन, जि. सातारा