निवासी डॉक्टरला समज देऊन रुग्ण सुरक्षित होत नाही

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,

सादर नमस्कार. माझ्या वडिलांबाबतच्या तक्रारीवर आपल्या विभागाने गेल्या वर्षी लेखी आश्वासन दिले होते की, निवासी डॉक्टरांना रुग्णसुरक्षेचे प्रशिक्षण देण्यात येईल. या आठवड्यात आलेल्या उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. ‘संबंधित निवासी डॉक्टरास समज देऊन प्रकरण निकाली काढण्यात येत आहे’, एवढेच त्यात आहे.

वडिलांची मूत्रपिंडे आधीच अधू होती आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊ नये, अशी नोंद केसपेपरच्या मागच्या पानावर होती. संध्याकाळी ड्यूटी बदलताना ती कोणी कोणाला सांगितली नाही आणि रात्री पायाच्या जखमेने कळवळणाऱ्या माणसाला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामकच टोचले गेले. आज त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याहून जिल्ह्याला न्यावे लागते, त्यापायी माझी नोकरी सुटली. त्यांना पाणी मोजून प्यावे लागते, म्हणून भर उन्हाळ्यात त्यांच्यासमोर तांब्या तोंडाला लावायचा आम्हाला संकोच वाटतो. हे आपल्या कोणत्या रकान्यात बसते?

समज मिळालेली ती डॉक्टर मुलगी आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होती. सामान्यतः सलग १२ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटले आहे. तिला शिक्षा झाली, तरी पुढच्या तुकडीतील डॉक्टर त्याच वॉर्डात तीच चूक करील, कारण बाकी काहीच बदललेले नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आगीत दहा नवजात बालके दगावली, तेव्हाही निलंबने झाली. माणूस शोधला की चौकशी संपते, ही आपल्या सगळ्या यंत्रणेचीच रीत झाली आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, म्हणजेच निवासी डॉक्टरांना, संशोधनपद्धती, नीतिशास्त्र आणि हृदय-जीवरक्षण हे अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. त्यांत रुग्णसुरक्षा नाही. केंद्राचा रुग्णसुरक्षा आराखडा २०१८ ते २०२५ चा होता, त्याची मुदतही सरली. वास्तविक हे शिकवायला मोठा खर्च येत नाही. मूत्रपिंडविकाराची नोंद किती केसपेपरांच्या पहिल्या पानावर आहे, हे विद्यार्थ्यांनी महिनाभर मोजावे, नोंदीची जागा बदलावी, पुन्हा मोजावे आणि फरक पडला नाही तर दुसरा उपाय करावा. ड्यूटी सोपवताना काय सांगायचे, याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. थोडक्यात टळलेली चूक सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही, अशी लेखी हमी द्यावी, नाहीतर कोणीच काही सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळची साधी तपासणीसूची दिल्लीसह आठ शहरांत वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो.

मला सहानुभूतीचे पत्र नको. हे प्रशिक्षण कोणत्या महाविद्यालयांत, कोणत्या तारखेपासून सुरू होणार आणि ते शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आधी कोण शिकवणार, एवढे लेखी कळवावे.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा