उंची रांगेच्या तोंडाशी नको, तिकिटाआधी मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या पुरवणीत कुटुंबासह अम्युझमेंट पार्कला जाण्याच्या तयारीवर लेख आला. तो वाचून संपवला आणि पुन्हा वरपासून वाचायला घेतला, कारण राइडवर बसायला लागणाऱ्या किमान उंचीच्या अटीबद्दलची ओळ माझ्या नजरेतून निसटली असावी असं वाटलं. निसटली नव्हती. ती लेखात नाहीच. लवकर निघा, तिकीट ऑनलाइन काढा, सुटसुटीत कपडे घाला, टोपी विसरू नका, मोबाइल चार्ज करून ठेवा. सगळं बरोबर आहे. लेखकानं मेहनत घेतलेली दिसते, भाषाही छान आहे. पण घरात लहान मूल असेल तर जे सगळ्यात आधी ठाऊक असायला हवं, तेच नेमकं राहून गेलं आहे. आणि ते राहून गेलं की मुलाच्या वाट्याला काय येतं, ते मी बघितलं आहे.

लेखाशेजारच्या चौकटीत शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनातल्या फेरिसच्या चक्राची, म्हणजे मोठ्या आकाशपाळण्याची माहिती दिली आहे. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला सुरू झालेल्या, ताशी जेमतेम १० किलोमीटरनं धावणाऱ्या रोलर कोस्टरचाही उल्लेख आहे. मुलांना ते वाचून दाखवलं, त्यांना आवडलंही. त्याच चौकटीत आणखी दोन वाक्यं सहज बसली असती: आजच्या मोठ्या रोलर कोस्टर ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातात, आणि त्या वेगात माणसाला जागेवर धरून ठेवणारा दांडा कोणाला नीट धरू शकतो, यावर उंचीची अट ठरते. चक्राची उंची छापली, मुलांच्या उंचीचं राहून गेलं.

आम्ही गेलो होतो त्या पार्कचं नाव लिहीत नाही. धाकटी सात वर्षांची, थोरला अकराचा. मोठ्या कोस्टरच्या रांगेत शिरताना तिथे कामावर असलेल्या मुलाला मी मुद्दाम विचारलं होतं, हिला चालेल ना? त्यानं तिला पट्टीजवळ उभं केलं, पायात बूट होते, आणि म्हणाला, "चालेल, जा." एक तासाहून जास्त वेळ आम्ही त्या लोखंडी कठड्यांमध्ये उभे होतो. धाकटीनं एकदाही कुरकुर केली नाही. पुढच्या गाडीत बसायला कोणती जागा मिळेल, हात वर करायचे की दांडा धरायचा, यावर भावाशी तिचं बोलणं चाललं होतं. फाटकापाशी पोहोचलो तर तिथे दुसरी पट्टी आणि दुसरा माणूस. त्यानं बूट काढायला लावले. ती बोटभर कमी भरली. तो म्हणाला, "नाही चालणार, मागे फिरा, लाइन अडतेय."

बाहेर पडायला वेगळी वाट नव्हती. ज्या रांगेतून आलो तिच्यातूनच उलटं जायचं. लोक कठड्याला चिकटून वाट देत होते. आम्ही मधेच घुसतोय असं वाटून काही जण रागावले. धाकटीनं मान वर केली नाही. थोरलाही मागे फिरला, कारण आमच्यापैकी एकानं त्याच्याबरोबर थांबावं आणि दुसऱ्यानं धाकटीला घेऊन बाहेर जावं, हे सुचायला त्या माणसानं क्षणभरही वेळ दिला नाही. उरलेला दिवस ती कुठल्याही राइडकडे बघून आधी एकच विचारत होती: "इथे मला मोजतील का?"

माझी तक्रार अटीवर नाही, हे कृपया नीट वाचावं. अट हवीच, आणि कडक हवी. मांडीवर येणारा दांडा एकाच बाकावर बसलेल्या दोघांसाठी मिळून एक असेल, तर तो जाड मांडीपाशी थांबतो. शेजारी वडील बसले असतील तर मुलाच्या मांडीवर मोकळी फट राहते. गाडी चढावाच्या टोकावरून खाली झेपावते तेव्हा अंग आसनावरून उचललं जातं. मोठ्यांना त्यातच मजा वाटते. लहान शरीर त्या फटीतून सरकू शकतं. खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर तो बुटक्या मुलाच्या गळ्यापाशी किंवा तोंडापाशी येतो. पाय खाली टेकत नाहीत, हात धरायच्या मुठीपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून "एवढ्यानं काय होतंय, घ्या ना" असं ऑपरेटरला विनवणाऱ्या पालकांचा मला राग येतो. फाटकावरच्या माणसानं तिला थांबवलं ते बरोबरच केलं. चूक आहे ती पहिल्या पट्टीवर बुटासकट मोजून "जा" म्हणणाऱ्या व्यवस्थेची.

यावर उपायही काही अवघड नाही. मुख्य दारापाशी एकदा, बूट काढून, नीट मोजायचं आणि उंचीनुसार रंगीत मनगटपट्टा बांधायचा. मग दिवसभर कोणत्याही फाटकावर पट्ट्याचा रंग बघितला की झालं. कितीतरी ठिकाणी असं करतात. हे जमत नसेल तर निदान प्रत्येक राइडची अट तिकीट खिडकीच्या आधी, डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत लावावी. रांगेच्या तोंडाशी, फाटकापाशी लावलेल्या फलकाचा ज्याला उपयोग आहे तो माणूस तोपर्यंत तासभर उभा राहिलेला असतो.

आता आपल्या वाचकांसाठी आकडे देते, कारण ते लेखात यायला हवे होते. जगभरच्या पार्कांत अटी बहुधा इंचांच्या हिशेबानं ठरलेल्या असतात: ३६ इंच म्हणजे ९१ सेंटीमीटर, ४२ म्हणजे १०७, ४८ म्हणजे १२२, ५४ म्हणजे १३७. मोठ्या कोस्टरना बऱ्याचदा १२२ किंवा त्याहून जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाचव्या वर्षी मुलांची मधली उंची साधारण ११० सेंटीमीटर आहे, सहाव्या वर्षी ११५-११६, सातव्या वर्षी १२१ च्या आसपास, आठव्या वर्षी १२७. म्हणजे १२२ ची अट असेल तर सात वर्षांची निम्म्याहून जास्त मुलं तिथूनच परत फिरतात. "माझं मूल आता मोठं झालंय" या भरवशावर तिकीट काढू नये. जाण्याआधी घरी भिंतीला टाचा टेकवून, अनवाणी मोजावं, आणि ते दुपारनंतर मोजावं. दिवसभर उभं राहून पाठीचे मणके थोडे दबतात आणि सकाळची उंची संध्याकाळी किंचित कमी भरते. बरोबर रेषेवर असलेल्या मुलाला तेवढाही फरक नडतो. डोक्यावरचा अंबाडा किंवा क्लिप धरून मोजू नये, तिथे ती दाबून बघतात.

मग पार्कच्या वेबसाइटवरची राइडची यादी समोर ठेवून मुलांबरोबर बसावं, आणि कोणती मिळणार, कोणती नाही, हे घरीच सांगून टाकावं. घरी ऐकलेला नकार मूल पचवतं. शंभर लोकांसमोर ऐकलेला ते पचवू शकत नाही. सगळ्या नियोजनात माझ्या मते हे एवढं एक काम चुकवू नये.

दुसरं, रायडर स्वॅप. पुष्कळ पार्कांत ही सोय असते: आई थोरल्याबरोबर जाते, बाबा धाकट्याजवळ थांबतात, आणि आई परत आली की बाबा पुन्हा रांग न लावता जातात. ती रांगेत शिरण्याआधी मागावी लागते. आपणहून कोणी सांगत नाही, निदान आम्हाला तरी कोणी सांगितली नाही. लेखात ही माहिती असती तर त्या एका ओळीनं कितीतरी घरांची भांडणं वाचली असती.

"लवकर जा" असं लेखात आहे, पण का, ते नाही. रांगेचा हिशेब कोणालाही करता येतो. गाडीत २४ जण बसत असतील आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटत असेल, तर तासाला ७२० माणसं बसून होतात. पुढे सातशे माणसं दिसली की तास गेला. दोनपैकी एक गाडी बंद असेल तर दोन तास. म्हणून सकाळी आत शिरल्याबरोबर दारापाशी दिसणाऱ्या पहिल्या राइडला थांबू नये, सगळे तिथेच थांबतात. सरळ आतल्या टोकाला जावं आणि तिथून मागे येत राहावं. ऑपरेटर किती मिनिटांनी गाडी सोडतोय ते रांगेत शिरण्याआधी घड्याळ लावून बघावं.

लेखात "आजी-आजोबांनाही सोबत न्या" असं आहे आणि त्यापुढे त्यांच्यासाठी काहीच नाही. माझ्या सासूबाई बरोबर होत्या. हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर बऱ्याच राइडवर बसता येत नाही, हे फलकांवर लिहिलेलं असतं. त्याही आधी प्रश्न असतो तो बसायच्या जागेचा. सावलीतला बाक कुठे, स्वच्छतागृह किती लांब, व्हीलचेअर मिळते का, त्यांनी करायला शांत काय आहे. हे आधी फोन करून विचारावं. सासूबाई आमच्या पिशव्या सांभाळत उन्हात एका कट्ट्यावर बसून होत्या. लॉकर दुसऱ्या टोकाला होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते पाहवलं नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. लेखासोबतच्या फोटोत गो-कार्टमध्ये बसलेली मुलगी आहे. केस मोकळे, गळ्यात लांब स्कार्फ, तोही मागे उडणारा. हा फोटो निवडला कोणी? गो-कार्टचा मागचा आस आणि साखळी चालकाच्या पाठीशीच फिरत असतात. मोकळे केस किंवा कापड त्यात ओढलं गेलं तर जीव जातो, असे अपघात झालेले आहेत आणि वर्तमानपत्रांनीच ते छापलेले आहेत. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घ्यायचे, स्कार्फ, लोंबत्या दोऱ्या, सैल बाह्या काढून ठेवायच्या, हा तिथला पहिला नियम. आपल्या पानावर मात्र त्याच्या उलट चित्र, आणि खाली ओळ "मनमुराद आनंद". मुलं लेख वाचत नाहीत, फोटो बघतात. माझ्या धाकटीनं तो बघून तसाच स्कार्फ मागितला. उद्याच्या अंकात याबद्दल खुलासा यायला हवा, आणि तो याच आकाराच्या जागेत.

सुट्ट्या सुरू आहेत, पुढचा लेखही येईलच. त्यात टोपी आणि चार्जरच्या आधी उंचीचा तक्ता द्यावा आणि दोन-चार पार्कांना विचारून त्यांच्या अटी छापाव्यात, ही विनंती. पार्कवाल्यांना आमच्यासारख्यांनी विचारलं तर उत्तर मिळत नाही, वर्तमानपत्राला ते मिळतं.

मागे माझं एक पत्र आपण छापलं तेव्हा त्यातला नेमका मुद्द्याचा परिच्छेद कापला गेला होता. जागा कमी पडत असेल तर या वेळी आमच्या रांगेची हकिगत कापावी. उंचीचे आकडे, रायडर स्वॅप आणि गो-कार्टमधल्या केसांबद्दलचं मात्र पूर्ण छापावं.

आपली,
एक नियमित वाचक