आई-बाबा, एसपीच राहू द्या

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "दोन तासांतच डिस्क भरते." पण तो सूर माझ्या ओळखीचा आहे. कुणी मापात मारलं असं वाटलं की तो लागतो. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर सांगायला गेले की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि आईकडे फोन देता.

हो, घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कवर उतरवायचा डीव्हीडी रेकॉर्डर मी एसपीवर लावून आले आणि तो एसपीवरच राहणार आहे. एक्सपी, एसपी, एलपी, ईपी या त्याच्या रेकॉर्डिंगच्या पायऱ्या, एका डिस्कवर किती तास मावतात ते त्यांवर ठरतं. पुस्तिकेत सहा तास लिहिलेत ते खोटं नाही. ईपीवर सहा तास मावतात, एलपीवर चार, एसपीवर दोन आणि एक्सपीवर एकच. पण डिस्क तेवढीच, ४.७ जीबीची. वाढलेले तास चित्रातून काढून घेतलेले असतात. पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. ईपीमध्ये बहुतेक यंत्रं ते ३५२ बाय २८८ वर आणतात, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. माणूस स्थिर बसलेला असेल तोवर ठीक. तो चालायला लागला, मागे झाडाची पानं हलली, की चेहऱ्यावर चौकोन उमटतात. आजी अंगणातून चालत येते ते मला चौकोनांत बघायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॅसेटमध्ये तरी कुठे एवढं चित्र होतं? तेही खरं. व्हीएचएसवर आडवं मोजलं तर २४० रेषांच्या आसपासच तपशील असतो. त्या हिशेबाने एलपीसुद्धा पुरायला हवा. पण आपल्या टेपवर मुंग्या आहेत. आपल्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येतं, रेकॉर्डरला येत नाही. त्याला मुंग्याही चित्रच वाटतात, आणि जी जागा चेहऱ्याला मिळायची ती त्या उतरवण्यात जाते. म्हणून टेप जितकी जुनी तितकी तिला जागा जास्त द्यायची, कमी नाही. हे काटकसरीच्या उलट आहे, मला कळतं. तुमच्या काटकसरीवर मी शिकले, तेव्हा त्याबद्दल मी काही बोलणार नाही. टीव्हीवरून उतरवलेले गाण्याचे कार्यक्रम तुम्ही खुशाल एलपीवर घ्या. तिथे माणूस एका जागी बसून गातो आणि कॅमेराही फारसा हलत नाही. घरच्या कॅसेटी मात्र एसपीवरच.

तीन तासांची ई-१८० कॅसेट एका डिस्कवर बसत नाही, मग दोन लागल्या तर लागू द्या. डिस्क संपल्या की कळवा, मी पाठवीन. आणि दुहेरी थराची ८.५ जीबीवाली घेऊन एकीत सगळं बसवू, असं दुकानात कुणी सांगितलं तर ऐकू नका. सगळ्याच रेकॉर्डरना ती लिहिता येत नाही आणि जुने प्लेअर ती वाचताना कुरकुरतात.

डिस्कचं सोपं करून ठेवलंय. पांढऱ्या डब्यात आहेत त्या डीव्हीडी-आर, एकदाच लिहायच्या. ठेवायचं ते सगळं त्यांच्यावर. निळ्या डब्यातल्या आरडब्ल्यू, त्या पुसून पुन्हा वापरता येतात, कागदावर तरी हजार वेळा. त्या आईच्या मालिकांसाठी. आई, तू दुपारी झोपलीस आणि भाग चुकला तर आता हळहळायचं नाही. झोप मोडायची नाहीच. पण बाबा, हजार वेळा वापरता येते म्हणून घरच्या कॅसेटी आरडब्ल्यूवर घेऊ नका. जी पुसता येते ती कधीतरी पुसली जाते. हे तुम्हीच मला शिकवलंत.

आठवतं ना? कॅसेट भरली की तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने तिच्या पाठीवरची खिटी तोडायचात, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणाला काही रेकॉर्ड करता येऊ नये. तुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवायचात. मी ते सगळे कंपासपेटीत जमवायचे, आणि तुम्ही आईला म्हणायचात, "हिच्याकडे आपल्या घराच्या किल्ल्या आहेत." मला ते खरंच वाटायचं. तर आताही कॅसेट लावण्याआधी पाठीवरून बोट फिरवून बघा. खिटी शाबूत असेल तर आधी तोडा. व्हीसीआरवर लाल बटण अजून आहे आणि चष्मा तुमचा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.

रेकॉर्डर मी खालच्या कप्प्यातून काढून टेबलावर ठेवला तो आईच्या गुडघ्यांसाठी. जागा अडली असं वाटलं तरी तिथेच असू द्या. पिवळी, लाल, पांढरी वायर जोडून त्यांवर चिकटपट्टी लावलीय. झाडताना ओढू नका. रिमोटवर जी चार बटणं लागतात त्यांवर मी रंगीत ठिपके लावलेत, बाकीच्यांकडे बघायचंही नाही. रेकॉर्डिंग चालू असताना समोर बसावं लागत नाही. टेप जेवढ्या वेळाची तेवढा वेळ लागणारच, पण टीव्ही बंद ठेवला तरी चालतं, हवा तो चॅनेल लावला तरी चालतं. डिस्क भरली की यंत्र आपोआप थांबतं. बाबा, डोळ्यांत थेंब घालून तीन तास पडद्याला नाक लावून बसायची गरज नाही.

टीव्ही बंद ठेवला तरी चालतं, हे मी मुद्दाम लिहिलं. अण्णाची कॅसेट तुम्हाला कपाटात सापडणार नाही. ती मी आणली. विचारलं असतं तर तुम्ही दोघांनीही "राहू दे" म्हटलं असतं, आणि टेप राहू देता येत नाही. ती आतून उतरते, कुणी बघो न बघो. तिचं काम तुमच्या हातून होऊ नये असं मला वाटलं, बाकी काही नाही. तेवढी एकच मी एक्सपीवर घेतली. आवाज पीसीएमवर ठेवला, म्हणजे न दाबता. त्याने चित्राची थोडी जागा खाल्ली, पण त्या कॅसेटमध्ये मला चित्रापेक्षा आवाज हवा होता. आई, तो हसतो ते स्वच्छ आलंय. डिस्कच्या दोन प्रती आहेत आणि मूळ कॅसेटही माझ्याकडे नीट उभी ठेवलीय. बघायचं तेव्हा बघा, नाही बघितलं तरी चालेल. मी विचारणार नाही.

आता उरलेलं. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे पळवा, मग मागे आणा, आणि मग लावा. रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडला लागेल. आई, तू ती पुसायला घेऊ नकोस, तुझा खोकला आत्ता कुठे थांबलाय. वेगळी ठेव, मी बघते. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसली तर घाबरू नका. ती टेपमध्ये पहिल्यापासूनच आहे, जुन्या टीव्हीच्या कडेखाली झाकली जायची.

डिस्क पूर्ण झाली की फायनलाइझ करायचीच, म्हणजे दुसऱ्या प्लेअरलाही वाचता येईल अशी बंद करायची, हिरवा ठिपका. नाहीतर ती आपल्याच रेकॉर्डरवर दिसेल आणि माझ्याकडे आल्यावर कोरी निघेल. त्याला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणी स्विच बंद करायचा नाही. फायनलाइझ झालेल्या डीव्हीडी-आरवर पुढे काही भरता येत नाही, म्हणून घाई नको. नाव मार्करने लिहा, बॉलपेनने नाही. कागदी लेबल तर मुळीच नको, डिस्कचा तोल जातो. डिस्क डब्यात उभ्या ठेवा आणि खिडकीपासून लांब. लिहिण्याचा थर रंगद्रव्याचा असतो, उन्हाने तो बिघडतो. प्रत्येकीची एक प्रत मला पाठवा. हा हट्ट समजा.

बाबा, तुमच्या अक्षरातच नावं लिहा. कॅसेटींवर होती तशी, तारखेसकट.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, बटणांचा कागद तुझ्याजवळ ठेव. बाबांच्या हाती लागला तर ते ईपी लावतील.