‘व्रण धरणारच’ असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमच्या लक्षात असू असं नाही. कमरेखाली चरबीची गाठ घेऊन जन्मलेली, एक पाऊल वळत चाललेली, तेव्हा दुसरीत असलेली मुलगी. मोठ्या सरांना डिस्चार्जच्या दिवशी पेढे दिले, पाया पडलो. तुम्ही तेव्हा रेसिडेंट होतात आणि त्या दिवशी तुमची ड्यूटी नव्हती. तुमचे आभार राहिले ते राहिलेच.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ‘मज्जारज्जू पुन्हा चिकटण्याची शक्यता’ असं वाचल्यावर हिचे बाबा तडकले होते. पुन्हा चिकटणारच असेल तर पोरीची पाठ उघडायची कशाला? तुम्ही चिडला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि चित्र काढून सांगितलंत. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. हिचा त्या गाठीने खाली धरून ठेवलाय. पोर उंच होईल तसा तो ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून पाय आणि लघवी बिघडते. ऑपरेशनने तो सुटतो. पण चरबी कापून काढली की तिथे ओली जखम उरते, ती मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला टेकली की भरता भरता, म्हणजे तिचा व्रण होताना, त्यालाच धरते. “व्रण धरणारच. तो कुठे धरेल, एवढंच आमच्या हातात थोडंफार आहे,” हे तुमचे शब्द.

ते थोडंफार म्हणजे काय, हे तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही सही केली. नसांवर यंत्राची नजर ठेवून निघेल तेवढी चरबी काढायची. मग मज्जारज्जूच्या कडा जवळ आणून, करंजीची कड मुडपतात तशी शिवून घ्यायची, म्हणजे ओली बाजू आत जाते. बाहेरच्या आवरणाला ठिगळ लावून त्याची पिशवी ऐसपैस करायची, म्हणजे मज्जारज्जू तिच्यातल्या पाण्यात मोकळा राहतो. कॅलिफोर्नियातले न्यूरोसर्जन डॉ. डॅक्लिंग पँग यांनी 2009-10 च्या सुमारास हेच मांडलं, असं सांगितलंत: चरबी जितकी पूर्ण निघेल आणि पिशवीत जागा जितकी मोकळी, तितकं पुन्हा चिकटणं कमी. मधे एखादा पडदा ठेवून चिकटणं थांबतं का, हेही हिच्या बाबांनी विचारलं. पडदे बरेच वापरून झालेत, खात्रीचा एकही नाही, असं तुम्ही सरळ सांगितलंत. इतकं सरळ उत्तर दवाखान्यात क्वचित मिळतं, मॅडम.

ऑपरेशननंतर तिला पालथं झोपवायला लावलंत. सगळीकडे असं करत नाहीत, हेही त्याच दमात सांगून टाकलंत! टाक्यांतून पाणी झिरपतंय का, ताप येतोय का, याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघायला सांगितलंत, कारण जंतू आत गेले तर व्रण आणखी दाट होतो.

आणि माझ्या सासूबाईंना तुम्ही जे समजावलंत, त्याचे आभार वेगळेच. त्या तिळाचं तेल घेऊन आल्या होत्या. माझ्या भावाने व्रणावरची महागडी मलमं शोधली होती. कातडीवरचा व्रण आणि आतला व्रण या दोन गोष्टी आहेत, आतल्यापर्यंत ना तेल पोचतं ना मलम, हे तुम्ही त्यांचा मान ठेवून सांगितलंत. तेल घरी परत गेलं, भांडण झालं नाही.

घरी गेल्यावर काय बघायचं, तेही तुमच्यामुळेच कळलं. चाल बदलली का, एका पायाचा बूट जास्त झिजतोय का, कमर किंवा पाय दुखतोय का, कोरडी राहायला लागलेली पोर पुन्हा ओली व्हायला लागली का, पाठ एका बाजूला कलतेय का. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत जास्त जपायचं. ऑपरेशननंतर सगळं स्थिरावल्यावर लघवीची युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय कसं भरतं आणि रिकामं होतं ते मोजणारी) करून तो कागद जपून ठेवा, पुढे तुलनेला लागेल, असं बजावलं होतंत.

तो कागद मागच्या पावसाळ्यात कामी आला. तिचे कपडे मधूनच ओले व्हायला लागले. इथल्या एका डॉक्टरांनी एमआरआय काढला, त्यात मज्जारज्जू खाली आणि मागे चिकटलेला दिसला. लगेच ऑपरेशन करा, म्हणाले. घरात कुणाला घास गिळेना. पण असं ऑपरेशन झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचं एमआरआयमध्ये तसंच दिसतं, निर्णय पोरीकडे बघून घ्यायचा, दुसऱ्या ऑपरेशनचा व्रण पहिल्याच्या वर चढतो, हे तुम्ही सांगून ठेवलं होतंत. आम्ही मोठ्या सरांकडे गेलो. पायांची ताकद तीच, युरोडायनॅमिक जुन्याशी जुळणारं. निघाली बद्धकोष्ठता! पोट साफ राहू लागलं तसं ओलं होणं थांबलं.

पुढे कधी चिकटणारच नाही, असं मी म्हणत नाही. तुम्हीही म्हणाला नव्हतात. ती आता आठवीत आहे, उंची भराभर वाढतेय, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. तुम्ही आता कुठल्या गावी असता ते कळलं तर पेढे घेऊन येऊ. सासूबाईही येणार म्हणतात.

आपली,
त्या मुलीची आई
सातारा जिल्हा