सोळा, बाई!

मंगळवेढा,
रविवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला, रागावली असशील. पण वह्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि वरून मागवलेली माहिती यातून हात मोकळा झाला तर ना!

मुली गणितात खरंच मागे असतात का, असं विचारलंस. मागच्या पंधरवड्यातलं सांगते. पाचवीला फळ्यावर ७४२ भागिले ७ घातलं. एका पोरीने पाटीवर १०६ मांडलं. तेवढ्यात पोरांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सोळा, बाई!" मधलं शून्य सगळेच गिळतात, तुला ठाऊकच आहे. पण हिने तळहाताने शून्य पुसलं आणि १६ करून बसली. का गं पुसलंस? तर म्हणे, "बाई, मला गणित येत नाही."

अगं, हीच पोर आईच्या बचत गटाची वही लिहिते! एकदा त्यांच्या ओट्यावर बसले होते. साडेतीन हजारांचं शेकडा दोनने महिन्याचं व्याज किती, असं एका बाईने विचारलं. हिने पीठ मळता मळता "सत्तर" म्हणून टाकलं. त्याला ती गणित म्हणतच नाही, 'हिशेब' म्हणते.

'असर' या शिक्षणाच्या पाहणीने २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. दुसरीच्या पातळीचा उतारा ७६ टक्के मुलींनी वाचला, मुलग्यांपैकी ७०.९ टक्क्यांनी. गणितात मात्र मुलगे पुढे. वाचनात सरस असलेलं डोकं भागाकाराला कमी पडतं, हे मला नाही पटत. आमच्याकडे दुकानात, गिरणीत, डेअरीवर पोरगा जातो, सुट्टे मोजून आणतो. पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी.

आणि लोकांचं कशाला सांगू? अकरा वर्षं खडू आणायला, नोट मोडायला मी पोरांनाच पिटाळत आले. पोरींना रांगोळी नि वर्ग झाडणं. फळ्याजवळ यायला त्या लाजायच्या, मलाही ते सोयीचंच होतं.

आता दुकानाची यादी त्या शून्य पुसणाऱ्या पोरीकडे दिलीय. पहिल्याच दिवशी चार रुपये कमी आले. तिला कळलं होतं, पण बोलली नाही. तसंच परत पाठवलं. चार रुपये मुठीत घट्ट धरून आली, घामाने ओले झालेले.

उन्हाळ्यात येशील तेव्हा तुझ्या वर्गातल्या खेळण्यातल्या नोटा थोड्या आण. आमच्या पेटीतल्या नोटा उंदरांनी कुरतडल्यात.

तुझी,
शैला